निकाल लागू दे, मग पाहू

व्यापारी घरांत बारावीच्या वर्षी एक वाक्य हमखास ऐकू येते : “निकाल लागू दे, मग पाहू.” पाहुणे विचारोत की शेजारचे दुकानदार, उत्तर ठरलेले. हे वाक्य आळसातून आलेले नाही. ज्या मालाचा भाव अजून फुटलेला नाही त्याचा सौदा करू नये, हा बाजारातला शहाणपणा त्यामागे आहे. आमच्या आधीच्या पिढीला तो उपयोगीही पडला. निकाल लागे, गुणपत्रिका हाती येई आणि मग वडील मुलाला घेऊन महाविद्यालयाच्या खिडकीपाशी जात. इतवारी-गांधीबागेतल्या मुलांपुढे पर्यायही मोजकेच असत. गोविंदराम सेक्सरिया या व्यापाऱ्याच्या नावाने १९४५ साली नागपुरात सुरू झालेले वाणिज्य महाविद्यालय, म्हणजे आपले जी. एस. कॉलेज, तिथे नंबर लागला नाही तर दुसरे एखादे. सकाळी वर्ग, दुपारी दुकान. त्या काळी ‘कधी’ हा प्रश्नच नव्हता.

बी. कॉम.साठी आजही बऱ्याच ठिकाणी बारावीचेच गुण पाहतात, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना फारसे काही बदलले आहे असे वाटत नाही. पण २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाचे पदवीप्रवेश सीयूईटी या देशव्यापी परीक्षेवर होऊ लागले. २०२४ पासून आपल्या राज्यात बी.बी.ए., बी.सी.ए., बी.एम.एस. यांसाठीही सामाईक प्रवेश परीक्षा आली. पहिल्या वर्षी कित्येक घरांना ही बातमी पोहोचली तेव्हा मुदत उलटून गेली होती. जागा रिकाम्या राहतील असे दिसू लागले, तेव्हा त्याच वर्षी ती परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. दरवर्षी अशी दुसरी संधी मिळेल, असे मात्र कोणी धरून चालू नये.

आमच्या घरी २०२४ च्या उन्हाळ्यात दोन मुले एकदमच बारावीच्या उंबरठ्यावर उभी होती : माझी मुलगी आणि माझ्या दिरांचा मुलगा. इतवारीत आमचे ठोक किराण्याचे दुकान आहे. एकाच घरात, एकाच पंगतीत वाढलेली ही मुले, पण ओढ निराळी. पुतण्याला सी.ए. व्हायचे होते आणि ते सर्वांना पटलेलेच होते. मुलीने जेव्हा वकिलीचे नाव काढले, तेव्हा घरात कोणी नाही म्हटले नाही. नुसते गप्प राहिले. व्यापारी घरातले असे गप्प राहणे म्हणजे काय, हे वाचकांना मी सांगायला नको. आणि पाठोपाठ ते वाक्य आलेच : निकाल लागू दे, मग पाहू.

तिने आजोबांपुढे एक कागद ठेवला. त्यावर तारखा होत्या. महाराष्ट्रात तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत : मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. नागपूरचे तर बुटीबोरीच्या बाजूला वारंग्याला, आपल्या घरापासून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर. पण तिथे जायचे तर ‘क्लॅट’ द्यावी लागते. त्या वर्षी क्लॅटचा अर्ज जुलैत सुरू होऊन ऑक्टोबरात बंद होणार होता आणि परीक्षा होती १ डिसेंबरला. बोर्डाची परीक्षा त्यानंतर फेब्रुवारीत आणि निकाल मे महिन्यात! आजोबांनी कागद दोनदा वाचला. “म्हणजे निकाल लागेपर्यंत थांबलो, तर गावातलंच विद्यापीठ हातचं जातं?” त्यांनी विचारले. ते विधान होते की प्रश्न, हे मला अजून सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी दिवस असतानाच जेवणे आटोपली आणि कोणीही पाटावरून उठले नाही. जी गोष्ट आमच्या घरात सर्वांच्या मनात असून कोणी उच्चारत नव्हते, ती सासऱ्यांनी अखेर उच्चारली. “एक वकील होणार, एक सी.ए. होणार. दुकान कोण पाहणार?” मुलगी म्हणाली, “आजोबा, मी पाहणार नाही असं मी कधी म्हटलं? तुम्ही मला विचारलंच नाही. पप्पूदादाला विचारलंत, मला नाही.”

तिला वकिलीची ओढ कुठून लागली, तेही त्या दिवशी कळले. जीएसटीची एखादी नोटीस आली की तिचे वडील कागद घेऊन सल्लागाराकडे जातात आणि परत येऊन दोन दिवस अस्वस्थ असतात, हे ती लहानपणापासून पाहत होती. त्या कागदांत काय लिहिले असते ते आपल्याला कळावे, एवढे तिचे म्हणणे होते. सासरे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अर्ज भर. पुढचं पुढे.” त्यांच्या तोंडी ‘पुढचं पुढे’ हे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते.

माझे मत असे झाले आहे, की आपल्या घरांत महाविद्यालयाचा अर्ज उशिरा भरला जातो तो तारखा ठाऊक नसतात म्हणून नव्हे. तारखा फोनवर पाच मिनिटांत सापडतात. उशीर होतो, कारण अर्ज भरायचा म्हणजे दुकानाचा प्रश्न आधी बोलावा लागतो, आणि तो बोलण्यापेक्षा निकालाची वाट पाहणे सोपे असते. गुण कमी पडले तर प्रश्न आपोआप सुटेल, अशी एक न बोललेली आशाही त्यात असते. मुलांना ती आशा दिसते, हे मात्र मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. अकरावीची परीक्षा संपल्यावरची सुट्टी हा या बोलण्याचा खरा काळ. त्यानंतर शिकवण्या सुरू होतात, मग दसरा-दिवाळीचा हंगाम येतो, आणि ज्या आठवड्यात अर्जाची मुदत संपते त्याच आठवड्यात दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. संक्रांतीचा तीळ संक्रांतीच्या आठवड्यात खरेदी करणारा दुकानदार इतवारीत टिकत नाही. ही गोष्ट आपल्याला नव्याने शिकायची नाही, फक्त दुकानातून घरात आणायची आहे.

पुतण्याच्या बाबतीत सगळे सोपे वाटत होते. सी.ए.च्या फाउंडेशनसाठी नाव दहावीनंतरही नोंदवता येते, परीक्षा बारावी झाल्यावर. ही परीक्षा आता वर्षातून तीनदा होते : जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबर. पण नोंदणी आणि परीक्षेचा महिना यांत चार महिन्यांचे अंतर लागते, म्हणजे सप्टेंबरच्या परीक्षेसाठी १ मेपर्यंत नोंदणी हवी. २०२५ साली बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. २०२४ साली तर तो २१ मे रोजी लागला होता. निकाल पाहून नाव नोंदवू, असे म्हणणारा मुलगा चार दिवसांसाठी चार महिने मागे पडला असता. पुतण्याची नोंदणी डिसेंबरातच झाली होती, म्हणून तो निकालाच्या दिवशी पेढे वाटून दुसऱ्या दिवशी अभ्यासाला बसला.

माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिच्या मुलाचे त्याच वर्षी ‘अर्ली डिसिजन’ चालले होते. तिकडे साधारण १ नोव्हेंबरपर्यंत एकाच महाविद्यालयाला असा अर्ज करता येतो आणि डिसेंबरच्या मध्यास उत्तर मिळते. निवड झाली तर तिथेच जाईन, बाकीचे अर्ज मागे घेईन, असे लिहून द्यावे लागते आणि त्यावर आई-वडिलांचीही सही असते. मिळणारी आर्थिक मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येते, पण दहा ठिकाणचे भाव ताडून पाहण्याची सोय त्यात नाही. सासऱ्यांना फोनवर हे ऐकून मोठी गंमत वाटली. “हा तर इसार झाला,” ते म्हणाले, “आणि किंमत कळायच्या आधीचा!” ज्या घराला फीचा आकडा पाहूनच निर्णय घ्यावा लागतो, त्याने या वाटेला जाऊ नये असे मला वाटते. एक गोष्ट मात्र त्यातून घेण्यासारखी आहे : सही करण्यापूर्वी घराला एकत्र बसून बोलावेच लागते.

याउलट आपल्याकडे दिसतो तो अर्जांचा ढीग. ओळखीच्या एका घरी मुलाचे अकरा अर्ज भरले होते. शुल्काचीच रक्कम डोळ्यांत भरणारी. हे सावधपण नव्हे, तो निर्णय पुढे ढकलण्याचाच दुसरा प्रकार आहे. आम्ही मुलीचे तीनच अर्ज भरले : क्लॅट, राज्याची पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी आणि दोन्ही हुकले तर गावातले बी. कॉम.

कागदपत्रांनी मात्र आमची परीक्षा पाहिली. देशपातळीवरच्या अर्जांत नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे मागतात. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मध्ये वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची धर्माची नोंदही पाहून ठेवावी. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, पण जुन्या सवयीने ‘हिंदू’ किंवा ‘हिंदू-जैन’ असे लिहिलेले दाखले अजून घरोघरी सापडतात. जैन अल्पसंख्याक संस्थेतल्या राखीव जागेसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना ती नोंद आडवी येते, आणि दुरुस्तीला आठवडे लागतात. हे काम बारावीच्या आधीच्या उन्हाळ्यात उरकावे.

डिसेंबरात क्लॅटचा निकाल आला. नागपूर मिळाले नाही, छत्रपती संभाजीनगर मिळत होते. आणि इथे घराची खरी कसोटी लागली, कारण रक्कम भरून जागा धरायची होती. सासूबाईंचा प्रश्न एकच : “तिथं ती खाणार काय? संध्याकाळी सहापर्यंत वर्ग चालले तर?” हा प्रश्न जुन्या वळणाचा म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांपैकी मी नाही. कंदमुळे न खाणाऱ्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या मुलीला पाच वर्षे परगावी काढायची असतात. उपाशी राहून किंवा खोटे बोलून ती काढावी लागू नयेत. मुलीने ही चौकशी सप्टेंबरातच करून ठेवली होती. वसतिगृहात पुढे शिकत असलेल्या एका मुलीशी ती बोलली होती, शहरातल्या आपल्या समाजाच्या भोजनालयाचा पत्ता तिने मिळवला होता, आणि माझ्या मावसबहिणीचे घर तिथून किती दूर आहे तेही नकाशावर पाहिले होते. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मग मला आधी का नाही सांगितलंस?” दुसऱ्या दिवशी रक्कम भरली.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. समृद्धी महामार्गामुळे सुट्टी लागली की एका दिवसात घरी येते. मागच्या खेपेला आजोबांनी तिच्यापुढे एका नोटिशीचा कागद ठेवला. तिने अजून तो विषय शिकलेली नाही असे सांगितले, तरी त्यांनी तो तिच्याकडून वाचून घेतलाच. जाताना तिने त्यांच्या हाती आणखी एक तारखांचा कागद दिला आहे. तो धाकट्या नातवासाठी आहे. सासऱ्यांनी त्याच्या शाळेतून कागदपत्रे मागवून नावाचे स्पेलिंग आधारशी ताडून पाहिले आणि एक अक्षर चुकलेले सापडल्याचे सगळ्यांना दोन दिवस सांगत होते. तो आठवीत आहे.