चंद्रपूरचा धूर, मुंबईचा उजेड

चंद्रपूर म्हटले की महाकालीचे देऊळ, गोंड राजांचा परकोट आणि जटपुरा दरवाजा डोळ्यांपुढे येतात. पण गावाबाहेर ऊर्जानगरच्या वाटेला लागलो, की या साऱ्यांहून उंच अशा चिमण्या दिसू लागतात. येथे दगडी कोळसा जाळून वीज करतात. इरई धरणाच्या पाण्याची वाफ होते, वाफ चक्रे फिरवते. केंद्राची एकंदर क्षमता २९२० मेगावॅट!

एवढी वीज जाते कोठे? मी तारांकडे पाहिले; त्या पश्चिमेला धावत होत्या. येथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरांची खास वाहिनी आहे. १५०० मेगावॅटचा भार ती एकटी पेलू शकते. त्या टोकाला कारखाने, कचेऱ्या, लिफ्टी. या टोकाला चिमणी.

चंद्रपूरला काहीच मिळाले नाही असे नव्हे. खाणी आणि वीजकेंद्र यांवर कितीतरी चुली पेटतात. परंतु कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राख निदान अंगणात दिसते. हा वायू दिसतही नाही आणि चंद्रपूरपुरता थांबतही नाही. साऱ्या पृथ्वीचे ऊन तो वाढवतो. हिशेबाच्या वहीत मात्र तो चंद्रपूरच्या नावे पडतो आणि त्या विजेवर मिळवलेले उत्पन्न मुंबईच्या नावे.

तेव्हा एखाद्या शहराची भरभराट झाली आणि धूर मात्र वाढला नाही, असे कोणी कौतुकाने सांगू लागला, तर वाचकहो, त्याला एवढेच विचारावे: तुमच्या तारेचे दुसरे टोक कोणत्या गावी आहे?