बसायला जागा

सुट्टी संपवून परत आलो की बेळगावातले मित्र पहिला प्रश्न हमखास विचारतात, "काय मग, समुद्रावर मजा केलीस ना?" मी डिचोली तालुक्यातल्या पाळीचा. आमच्याकडे समुद्र नाही; डोंगर आहेत, खाणी आहेत, आणि खाणींतून उपसलेल्या मातीचे लाल ढीग आहेत. या ढिगांना आम्ही डंप म्हणतो. यंदा मात्र मी खरे ते सांगून टाकले, "समुद्रावर नाही, पणजीच्या बागेत बसून आलो." सगळे हसले. गोव्यात जाऊन बागेत बसणारा प्राणी त्यांनी प्रथमच पाहिला असावा.

बाग म्हटली की आमच्या गावात कुळागरच डोळ्यांपुढे येते. माड, पोफळी, केळी, मिरवेली आणि मधून वाहणारे पाटाचे पाणी. पण ती कुणाच्या तरी मालकीची असते. तिथे पाणी सोडायला, सुपारी वेचायला जायचे, बसायला नव्हे. कन्नडमधले 'तोट'ही बहुधा उत्पन्नाचेच. देवराया आहेत, त्या देवाच्या; तिथली वाळकी काटकीसुद्धा जुनी माणसे उचलत नाहीत. राहता राहिला पिंपळाचा पेड. त्यावर कुणीही बसावे, पण भर दुपारी बसलात तर येणारा-जाणारा विचारणारच, "आज कामाक वचूंक ना?" ज्याला काम आहे त्याला या प्रश्नाचे काहीच वाटत नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. २०१२ मध्येही त्या थांबल्या होत्या, पण तेव्हा मी लहान होतो. या वेळी सातवीत होतो, त्यामुळे सारे आठवते. रस्त्यावरची धूळ बसली, झाडांची पाने पुन्हा हिरवी दिसू लागली. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आणि आमच्या अंगणात बाबांचा ट्रक उभा राहिला. ट्रकावर कर्ज होते. त्या कर्जासाठी बाबांना पणजीला खेपा घालाव्या लागत, आणि इंग्रजी कागद वाचायला म्हणून ते मला बरोबर नेत.

कचेरीतले साहेब दुपारी जेवायला जात, ते तीनपर्यंत येत नसत. हे दोन-अडीच तास घालवायचे कुठे? हॉटेलात बसायचे तर काहीतरी मागवायला हवे. आणि एका चहावर माणूस किती वेळ बसणार? दुकानाच्या पायरीवर बसलो तर दुकानदार बघतो. शेवटी चर्चसमोरच्या बागेत शिरलो. बाबा बाकाच्या अगदी कडेला बसले आणि हळूच म्हणाले, "हांगा बसपाक पयशे पडटात?" पैसे पडत नव्हते. कुणी काही विचारलेही नाही. समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते. थोड्या वेळाने बाबाही मागे टेकले. त्या सबंध वर्षात मी त्यांना घराबाहेर असे टेकून बसलेले प्रथमच पाहिले.

या बागेला गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला; आपल्या आंब्या-फणसांची आणि सुपारीची माहिती त्यात आहे. तो १५६८ मध्ये वारला. कूळ ज्यू, म्हणून १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. ज्याला मेल्यावरही पडायला जागा दिली नाही, त्याच्या नावाच्या बागेत आम्ही दुपारी काढल्या. बागेतल्या खांबावर पूर्वी वास्को द गामाचा पुतळा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. पाखरे मात्र दोन्ही राजवटींत तितक्याच आपुलकीने वर बसत आली असावीत!

पुढे मी पणजीतल्या इतर जागाही पाहिल्या. आझाद मैदानात पूर्वी आल्बुकेर्कचा पुतळा होता, तो आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. मैदानावर हुतात्म्यांचे स्मारक आहे आणि मागण्या घेऊन येणारी माणसे आहेत. पण मला ओढ कांपालची. मोठमोठे जुने वृक्ष, पलीकडे मांडवी. आमच्याकडचे खनिज ट्रकांतून धक्क्यावर, तिथून बार्जमध्ये भरून याच नदीने मुरगाव बंदराकडे जाई. म्हणजे पणजीकर संध्याकाळी ज्या बाकांवर हवा खात बसत, त्यांच्यासमोरून आमचे डोंगर सावकाश निघून जात होते! आज पणजीच्या नदीत कॅसिनोची जहाजे उभी दिसतात. तिथे बसायला तिकीट लागते.

बेळगावात आल्यावर मी प्रथम अशी जागा शोधली, ती टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत सापडली. एकेकाळी इथे देवीची लस तयार होई. जगातून देवी गेल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले, झाडे राहिली. या शहरात पाटी कुठल्या भाषेत असावी यावर केवढे रण माजते! इथे पहाटे कानडी आजोबा आणि मराठी आजोबा एकाच भाषेत गुडघ्यांची तक्रार करतात.

आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना प्रत्येक गोष्ट जमेच्या किंवा खर्चाच्या बाजूला टाकण्याची खोड. बागेचा खर्च दिसतो: माळी, पाणी, दिवे. जमेला काय लिहायचे? बाबांचे ते अडीच तास कुठल्या खात्यात टाकायचे, हे मी अजून कुठल्या सरांना विचारलेले नाही. मात्र सुशोभीकरणाच्या नावाखाली माती झाकून फरशी घालतात आणि दाराला कुलपाच्या वेळा लावतात, तो खर्च मला पटत नाही.

कर्जाचे कसेबसे मिटले. ट्रक विकला. बाबा आता दुसऱ्याची पिकअप चालवतात. २०२४ पासून डिचोली तालुक्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे, आणि गावात दोन्ही तऱ्हेचे बोलणे ऐकू येते.

यंदाच्या मे महिन्यात गावाजवळच्या एका जुन्या डंपावर चढलो. माती धरून ठेवायला लावलेली अकेशियाची झाडे आता माझ्या तिप्पट उंच झाली आहेत. खाली पाखरे कमी, वाळका पाला फार. पण सावली चांगली दाट होती. वर टेकायला एक दगडदेखील नव्हता. उभ्यानेच मी बराच वेळ खाली आमच्या घराचे छप्पर शोधत राहिलो.