लेव्हल नव्व्याण्णवचा लोहार

आमच्या हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर तीन प्रकारची माणसं जागी असतात. पहिली, जिचं उद्या सबमिशन आहे ती. दुसरी, जिन्याच्या कोपऱ्यात फोनवर हळू आवाजात बोलणारी. आणि तिसरी, खाणीत कोळसा खणणारी! गैरसमज नको, आमच्या कॉलेजात मायनिंग ब्रँच नाही. ही तिसरी जमात 'ओल्ड स्कूल रुनस्केप' खेळणाऱ्यांची. मीही त्यातलाच. सध्या आमच्या विंगमध्ये मेसच्या भाजीखालोखाल ज्या विषयावर वाद होतो तो असा: या खेळात लोहारकामासारखी कौशल्यं शिकण्यात काही अर्थ आहे का? की सरळ राक्षस मारावेत, नाणी जमवावीत आणि तयार माल विकत घ्यावा?

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. मूळ 'रुनस्केप' जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडात सुरू झाला. अँड्र्यू आणि पॉल गॉवर हे भाऊ त्याचे कर्ते, आणि जॅगेक्स ही केंब्रिजची कंपनी. पुढे खेळ इतका बदलला की जुन्या खेळाडूंनी 'आमचा जुना गेम परत द्या' असा धोशा लावला. तेव्हा २०१३ मध्ये कंपनीने ऑगस्ट २००७ चा बॅकअप काढून तो 'ओल्ड स्कूल' म्हणून वेगळा चालू केला. (बॅकअप घेत जा, असं आमचे लॅब असिस्टंट सांगतात ते उगीच नाही!) २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला आणि लेक्चरच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

या खेळात लढण्याइतकीच हाताची कामं आहेत. खाणकाम, लोहारकाम, मासेमारी, स्वयंपाक, कातडी आणि दागिने, औषधं. प्रत्येकाच्या १ ते ९९ लेव्हल. माझं प्रेम लोहारकामावर. खनिज आणायचं, भट्टीत वितळवून त्याचे बार करायचे, ऐरणीवर हातोडा चालवायचा. तांबं आणि कथील एकास एक मिळवलं की कांस्य. एक लोहखनिज आणि दोन कोळसे म्हणजे पोलाद. साध्या भट्टीत लोखंड वितळवायला गेलात तर निम्मं खनिज वाया जातं. ड्वार्फ लोकांच्या केल्डाग्रिम शहरात ब्लास्ट फर्नेस आहे. तिथे ही नासाडी होत नाही आणि कोळसाही निम्मा लागतो. प्रॉडक्शन प्रोसेसेसच्या व्हायवाला मला हे आठवलं होतं, पण सरांसमोर बोलायचं धाडस झालं नाही.

तर आता वाद. माझा रूम पार्टनर बापू (कॉम्प्युटरवाला, हे वेगळं सांगायला नको) विरोधी पक्षनेता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं.

"रून धातूचं चिलखत, म्हणजे रून प्लेटबॉडी, अंगात घालायला डिफेन्स किती लागतो? चाळीस. आणि एक ड्रॅगन मारायची क्वेस्ट. तीच प्लेटबॉडी घडवायला स्मिथिंग किती? नव्व्याण्णव! आता एक्सपी बघ. चाळीसला लागतात ३७,२२४. नव्व्याण्णवला १,३०,३४,४३१. भागाकार कर."

भागाकार केला. ३५० आला. म्हणजे जी वस्तू तुम्ही वापरू शकता, ती बनवण्यासाठी साडेतीनशे पट अनुभव हवा. शिवाय लेव्हलची चढण अशी उभी आहे की ९२ ला पोचलात तरी जेमतेम अर्धा रस्ता झालेला असतो. मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. फक्त पोलाद वितळवून आणि घडवून नव्व्याण्णव गाठायचं, तर ढोबळ हिशेबाने २ लाख ३७ हजार बार लागतील, आणि साध्या भट्टीत ४ लाख ७४ हजार कोळसे. पिशवीत एका वेळी मावतात २८ नग. रात्री कोण जागं असतं ते आता लक्षात आलं असेल.

बापूचा दुसरा मुद्दा जास्त बोचरा. बाजारात रून प्लेटबॉडीची किंमत साधारणपणे ती बनवायला लागणाऱ्या पाच बारांपेक्षाही कमी असते. म्हणजे कच्चा माल महाग, तयार माल स्वस्त! आपण घाम गाळून मालाची किंमत कमी करतो. "असला धंदा जगात कुणी करतं का?" इति बापू.

हे कोडं मला फार दिवस छळत होतं. मग कारणं सापडत गेली. पहिलं असं की राक्षस मारले की त्यांच्याकडून तयार चिलखतं पडतात. लोहाराची स्पर्धा दुसऱ्या लोहाराशी नसून अशा राक्षसांशी आहे, ज्यांना कोळशाचं बिल येत नाही. दुसरं, ही चिलखतं झिजत नाहीत. एकदा घेतली की जन्माची सोय, म्हणून तेच गिऱ्हाईक परत येत नाही. मग साठलेल्या मालाचं होतं काय? तो एका मंत्राने वितळतो. हाय अल्केमी नावाचा मंत्र वस्तूच्या ठरलेल्या मूल्याच्या ६० टक्के नाणी हातात देतो. प्लेटबॉडीचं मूल्य ६५,००० धरलं आहे, म्हणून ३९,००० मिळतात. बाजारभाव त्याच्या फार खाली जात नाही, कारण खाली गेला की लोक विकत घेऊन वितळवतात. थोडक्यात हा मंत्र म्हणजे खेळातला भंगारवाला. आपली एवढी मोठी कलाकृती शेवटी त्याच्या काट्यावर जाते.

आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बार विकत घेणारा माणूस प्लेटबॉडी विकून पैसे मिळवायला आलेलाच नसतो. त्याला लेव्हल हवी असते. त्याने बारासाठी मोजलेल्या जादा पैशात त्याच्या शिक्षणाची फी आहे.

मित्रहो, हे आपल्याला नवीन आहे का? फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवा. फिटिंग शॉपमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरून आपण चार-चार टर्न कानशीने घासत बसलो. काटकोन काही येईना, ट्राय स्क्वेअर लावला की फटीतून उजेड दिसायचा, हाताला फोड आले. एवढं करून झालेला 'मेल-फीमेल'चा जॉब कुणी विकत घेतला? तो नंतर भंगारात गेला. मूळ पट्टी त्यापेक्षा किमती होती! पण कानस कशी धरायची, आणि ड्रॉइंगवर सहज लिहिलेला अर्धा मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात किती असतो, हे तेव्हा हाताला कळलं ते कळलंच. जर्नलवर सही झाली ती त्या तुकड्याची नव्हती.

"मग तू हौस म्हण, फायदा म्हणू नकोस," बापू म्हणतो. पण एवढ्यावर वाद सोडायला मी तयार नाही. कारण याच खेळात, याच लोहारकामात फायद्याचंही एक काम आहे: तोफगोळे. एक क्वेस्ट पुरी करायची, स्मिथिंग ३५ हवं, आणि एका पोलादी बारातून चार गोळे निघतात. काम रटाळ, एक्सपी कमी, म्हणून लेव्हलच्या मागे धावणारे तिकडे फिरकत नाहीत. पण तोफ डागली की गोळा संपतो. उद्या परत लागतो. म्हणून लेव्हल ३५ चा लोहार चार पैसे कमावतो आणि नव्व्याण्णवचा महालोहार तोट्यात चिलखतं ठोकतो! जादूसाठी लागणारे रून बनवणाऱ्यांचंही तसंच. प्रत्येक मंत्राला ते खर्ची पडतात, चिलखत वितळवणाऱ्या त्या भंगारी मंत्रालासुद्धा.

इथे मला आमचे आजोबा आठवतात. ते गावचे लोहार. बलुतेदारीत त्यांना सुगीला धान्य मिळायचं, ते वर्षभर कुणबिकीची अवजारं धड ठेवण्याबद्दल. नांगराचा फाळ मातीत झिजतो, तो पाजवून द्यावा लागतो. विळा बोथट होतो, कुऱ्हाडीची धार जाते. फाळ झिजला नसता तर लोहाराला बलुतं कुणी दिलं असतं? रुनस्केपच्या दुनियेत नेमकी ही झीज काढून टाकली आहे आणि लोहाराचं पोट गेलं आहे.

कंपनीलाही हे उमगलं असावं. नव्या 'रुनस्केप'मध्ये जानेवारी २०१९ ला खाणकाम आणि लोहारकामाची पुनर्रचना झाली. रून चिलखत घडवायची पातळी ५० वर आणली, म्हणजे घालण्याची आणि घडवण्याची पात्रता जवळजवळ आली. आणि बहुतेक राक्षसांकडून तयार चिलखताऐवजी मोडका धातू पडू लागला. ओल्ड स्कूलमध्ये मात्र अजून जुनंच चालू आहे.

पण ओल्ड स्कूलमध्येही एक रस्ता आहे. २०१४ मध्ये 'आयर्नमॅन' नावाचा प्रकार आला. त्यात दुसऱ्या खेळाडूशी देवघेव बंद, बाजार बंद. हवं ते स्वतः मिळवा नाहीतर स्वतः बनवा. साधा खेळाडू ग्लोरीचं ताईत बाजारातून किरकोळीत उचलतो आणि त्यातून चार गावांना उड्या मारत फिरतो. आयर्नमॅनला ते घडवायचं तर ड्रॅगनस्टोन मिळवा, क्राफ्टिंग ८० करा, मग मॅजिक ६८ लावून मंत्र घाला. ज्या कौशल्याला बापू वेडेपणा म्हणतो, त्याच्यावाचून इथे पान हलत नाही. मी गेल्या वर्षी आयर्नमॅन सुरू केला. पहिलं पोलादी प्लेटबॉडी झालं तेव्हा स्मिथिंग ४८ होतं. पोलाद अंगात घालायला डिफेन्स फक्त ५ लागतो, म्हणजे अंगाची पात्रता केव्हाच आली होती. ते घालून मी लगेच लढायला गेलोच नाही. बँकेसमोर उगाच दोन फेऱ्या मारल्या.

आता हे सगळं एवढं चघळण्याचं कारण. पुढच्या वर्षी आमच्या बॅचचे कँपस इंटरव्ह्यू. आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरची अवजारं. दिवाळीत म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये नाव लागलं तर जा बाबा. इथं काय राहिलंय? पत्र्याच्या दरात तयार गेट मिळतंय." बोलले ते हसत, पण वेल्डिंगचा चष्मा काढून परत परत पुसत होते.

त्यांचं म्हणणं खोटं नाही. गेट म्हणजे रून प्लेटबॉडी. एकदा बसवलं की वीस वर्षं चिंता नाही, आणि बाहेरून येणाऱ्या तयार मालाशी आण्णा पुरे पडणार नाहीत. पण दुकानाची वही मी चाळली. जूनमधली पानं भरलेली. पेरणीच्या तोंडावर कल्टिव्हेटरचा दात मोडला, रोटाव्हेटरची पाती झिजली, ट्रॉलीचा हूक तुटला. वाफसा आहे तोवर रान उरकायचं असतं, तेव्हा कुणी पार्सलची वाट बघत बसत नाही. रात्री दहाला दारात ट्रॅक्टर उभा राहतो. हे आण्णांचे तोफगोळे. आणि त्या आठवड्यापुरता प्रत्येक शेतकरी आयर्नमॅन असतो, बाजार असून नसल्यासारखा.

म्हणून मी एवढं ठरवलंय की फायनल इयरचा प्रोजेक्ट अवजारांच्या झिजेवर करायचा. मशागतीच्या दातांवर हार्डफेसिंग, म्हणजे कठीण धातूचा थर वेल्डिंगने चढवायचा आणि आमच्या काळ्या रानात किती टिकतो ते मोजायचं. इंटरव्ह्यूला बसणार, नाही असं नाही. पण दुकान बंद करायची भाषा तोवर काढू नका, असं आण्णांना फोनवर सांगितलं. ते "बरं" म्हणाले. लगेच विचारलं, "वेल्डिंगचे रॉड कुठले आणणार?"

बापूला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. "अरे येड्या, दात झिजायचे थांबले तर तुझ्या आण्णांकडे येणार कोण?"

मुद्दा बिनतोड आहे. थर चढवायला तरी येतील, असं उत्तर मी तूर्त दिलंय.

असो. ज्युनिअर मित्रांना माझा सल्ला विचाराल तर सोपा आहे. नाणी हवी असतील तर जे खपतं, झिजतं, संपतं ते बनवा. लेव्हल हवी असेल तर तोटा म्हणजे फी समजून भरा आणि कुरकुर करू नका. आणि घडवण्याचीच हौस असेल तर आयर्नमॅन सुरू करा. फक्त सेमिस्टर संपल्यावर. कोळसा कुठे पळून जात नाही, अटेंडन्स जातो!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी