वाढीची हाडं

गोदामात साखळीला बांधलेलं, चहा-बिस्किटांवर जगलेलं हे कुत्र्याचं पिल्लू घरी आलं तेव्हा त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे बाकले होते. फरशीवर मागचे पाय फाकतात, उठताना कंबर कलते. डॉक्टर म्हणाले, मुडदूस असावा. पिल्लांचा समतोल आहार द्या, मनाने कॅल्शियम नको. खुब्याचा सांधा कसा बसतो, याचं पक्कं चित्र 2 वर्षांचं झाल्यावरच.

मी सतरंज्या अंथरल्या, जिना अडवला. रात्री खुब्यावर हात ठेवते. बोटांखाली कातडी आणि हाड, मध्ये मांस जवळजवळ नाहीच. ज्याने बांधलं त्याचा राग येतो, पण त्या रागाने हाडं भरत नाहीत.

त्याला कावळ्यामागे धावायचं असतं. मी अडवते. जपणं कुठे संपतं आणि पुन्हा बांधून ठेवणं कुठे सुरू होतं, हे अजून उमगत नाही.