व्हाळावरच्या काप्याचे पाट

आमच्या घरात कुठल्याही लाकडी वस्तूची ओळख झाडावरून सांगितली जायची. जेवायचे पाट व्हाळावरच्या काप्या फणसाचे, देव्हारा गोठ्यामागच्या शिवणीचा, ओटीवरच्या झोपाळ्याची फळी सड्याखालच्या सागाची. ‘कुठला पाट आणू?’ असं विचारलं की आजी झाडाचं नाव घ्यायची आणि आम्हा पोरांना ते बरोबर कळायचं. कुडाळकडे 1960 आणि 70 च्या दशकांत वाढलेल्या कुणालाही विचारा, तो आपल्या घरातली झाडं अशीच सांगेल. काही झाडं तर आमच्या जन्माआधीच उतरवलेली होती. तरी ‘बरक्याकडे गुरं सोड’ म्हटलं की आम्ही एका मोकळ्या जागेकडे गुरं न्यायचो. तिथला बरका फणस केव्हाच माजघराचं दार होऊन उभा होता.

कुठलं लाकूड कशाला, हे कुणी समोर बसवून शिकवलं नाही. कानावर पडून पडून ते अंगात आलं. तुळया ऐनाच्या नाहीतर किंजळीच्या, कारण छपराचं ओझं पेलायला तसंच जड लाकूड हवं. वासे जुन्या माडाचे, रिपा पोफळीच्या, मुसळ खैराचं. देव्हाऱ्याला शिवण, कारण ती हलकी, नक्षीला सोपी आणि पावसाळ्यात फारशी वाकत नाही. पांगाऱ्याचं घरात काही नव्हतं. पण सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगीत लाकडी फळं पांगाऱ्याची असतात, हे आम्हाला माहीत होतं, आणि त्यामुळे कुंपणावरच्या त्या काटेरी झाडाला आमच्या लेखी मोठा मान होता. आंब्याचं लाकूड मात्र घरातल्या सामानाला नको म्हणत. त्याला भुंगा लवकर लागतो, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नसे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या शेवटच्या दिवसासाठी एखादा जुना रायवळ राखलेला असायचा, आणि आमचे आजोबा, तात्या, आपला रायवळ कुठला ते अगदी सहज दाखवायचे.

सगळ्यांत मानाचं लाकूड फणसाचं. तो उतरवायचा विचार वर्षानुवर्षं चालायचा. फळ कमी झालं का, खोडात पोकळी धरायला लागली का, घरात कार्य कधी निघणार, नवीन रोपं धरली आहेत की नाहीत, हे सगळं बघून मग तात्या मान हलवायचे. त्यातून फणस, साग, आंबा, ऐन, किंजळ, जांभूळ, खैर ही झाडं 1964 च्या झाडतोडीच्या कायद्यातल्या यादीत. झाड स्वतःच्या परड्यातलं असलं तरी परवानगी लागे. तो अर्ज आमच्यातल्या ज्याचं अक्षर चांगलं त्याच्याकडून लिहून घेतला जाई.

बाबा शाळामास्तर. अर्ज लिहून घेताना ते हमखास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची गोष्ट काढायचे. आरमाराला लाकूड लागतंच आणि आंबा-फणसही कामाचे, पण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावायचा नाही. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडायचं, असं त्यात बजावलेलं आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकारभाराच्या ग्रंथात आपल्या परड्यातली झाडं आहेत, याचं आम्हाला फार अप्रूप वाटायचं. मला आजही वाटतं.

झाड उतरवायचं ते थंडीत, आणि तेही वद्य पक्षात. त्या दिवसांत तोडलेल्या लाकडाला कीड कमी लागते, असा सगळ्यांचा विश्वास. आमच्या घरचे सुतार, मेस्त्री, आधी बुंध्याशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. झाडावरच्या पाखरांनी दुसरीकडे जावं, कुऱ्हाड धरणाऱ्याला इजा होऊ नये, घराला ह्या लाकडाचं सुख मिळावं, असं काहीसं. मग ओंडके व्हाळाच्या कोंडीत बुडवून ठेवायचे. लाकडातलं गोडसर सत्त्व किड्याला आवडतं, ते पाण्यात उतरून जातं. कोंडीच्या पाण्याला महिनाभर एक आंबूस वास यायचा आणि आम्हाला पोहायला बंदी असायची, यावर आम्हा सगळ्या भावंडांचं एकमत आहे. ती बंदी कुणी आणि कितीदा मोडली, यावर अजून भांडण होतं.

ओंडका वर काढला की आरा ओढणारी दोन माणसं यायची. ओंडका तिरक्या खांबांवर चढवायचा, काव लावलेली दोरी त्यावर ताणून फटका मारायचा की लांबीभर तांबडी सरळ रेघ उमटायची. एक जण वर उभा, दुसरा खाली. खालच्याच्या डोक्याला फडकं गुंडाळलेलं, कारण सगळा भुसा त्याच्या अंगावर. ताज्या फणसाचा भुसा हळदीसारखा पिवळा पडायचा. ताई आणि काकू तो गोळा करून तुरटी घालून उकळत आणि जुन्या धोतराचे तुकडे त्यात रंगवत. फळी मात्र दिवसागणिक काळवंडत जाते. पिवळी, मग मधाळ, मग तांबूस. घरातल्या फणसाच्या वस्तूचं वय आम्ही रंगावरून ओळखायचो.

यानंतर फळ्या चुलीवरच्या माळ्यावर जायच्या, मध्ये पट्ट्या घालून, म्हणजे वारा खेळेल आणि धूर सगळीकडून लागेल. इंचाला एक वर्ष, हा हिशेब. कुणाच्या लग्नाचीही लाकडाला घाई नसे. थोरल्या आत्याच्या लग्नाआधी तात्यांनी मेस्त्रींना फणसाच्या पेटीचं विचारलं, तर ते माळ्यावर चढले, फळीवर बोटांनी वाजवून बघितलं आणि खाली उतरून म्हणाले, ‘‘तात्यानू, लाकूड अजून ओला आसा. यंदा नको.’’ पेटी सागाची द्यावी लागली. फणसाच्या फळ्या आणखी एक पावसाळा वर राहिल्या आणि त्यांचं माजघराच्या भिंतीतलं फडताळ झालं.

ते फडताळ होताना मी आणि माझे दोन चुलतभाऊ दिवसच्या दिवस मेस्त्रींच्या समोर बसून असायचो. त्यांनी आधी फळ्यांच्या कडेचं पांढरं लाकूड काढून टाकलं. वाळवी आणि भुंगा तिथेच शिरतात, आतल्या पिवळ्या गाभ्याला सहसा लागत नाहीत. चौकटीच्या एका लाकडाला पटाशीनं खाच, दुसऱ्याला कूस, आणि दोन्ही बसल्यावर आरपार बांबूची मेख. लोखंडी खिळा कुठेच नाही. दारांच्या मधल्या फळ्या चौकटीच्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या. आम्हाला वाटलं, ते विसरले. मेस्त्रींनी फळी हातानं हलवून दाखवली आणि सांगितलं की पावसाळ्यात ही रुंदीला फुगणार, तिला वाव हवा, खिळ्यानं जखडली तर चिरणार. श्रावणात ती फळी खरंच घट्ट बसलेली असे आणि एप्रिलमध्ये पुन्हा खुळखुळायची.

भिंतीत जाणाऱ्या बाजूला डिंबेल लावलं. काजूच्या टरफलाचं हे तेल अंगाला लागलं की कातडी भाजते, म्हणून मेस्त्रींनी हातांना आधी खोबरेल चोपडलं आणि आम्हाला अंगणाच्या पलीकडे पिटाळलं. दर्शनी बाजूला चपड्याचं पॉलिश, फडक्याच्या बोळ्यानं, हातावर हात देत.

मला सर्वांत जास्त आठवतं ते कप्पे ठरवण्याचं काम. मेस्त्रींनी आजीला चौकटीसमोर उभं केलं आणि डबा काढायला हात कुठवर जातो ते विचारलं. आजीचा हात जिथे पोहोचला तिथे पेन्सिलीची खूण. त्याखाली तिच्या कोपराच्या उंचीवर दुसरी. रोजच्या वापराचं, म्हणजे कुळथाचं पीठ, आमसुलं, गूळ, त्या दोन खुणांच्या मध्ये. घरातली सगळी मोजमापं पुरुष ठरवायचे तेव्हा, पण फडताळाचं माप आजीच्या अंगाचं होतं. पुढे आलेल्या काकू चांगल्या उंच. त्या आयुष्यभर त्या फडताळासमोर किंचित वाकून उभ्या राहिल्या आणि त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. चुलतबहिणीनं हे परवा सांगितलं, तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. आमच्यापैकी कुणीच ते पाहिलं नव्हतं.

पाटांतला एक पाट गणपतीचा. चतुर्थीच्या कितीतरी आधी तो गणपतीच्या शाळेत पोचवायचा. मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती घडवतो आणि त्याच पाटासकट ती घरी येते. शाळेत गावातले सगळे पाट ओळीनं मांडलेले. कुणाचा साग, कुणाचा फणस, एखादा अगदी पातळ झालेला. पाटाखाली खडूनं घराचं नाव लिहीत, पण आमचा पाट आम्ही नावाशिवाय ओळखायचो. त्याच्या एका कोपऱ्यात गाठ होती, डोळ्याच्या आकाराची.

मग हे सगळं थांबलं, आणि एका दिवसात थांबलं नाही. नव्या सुना गोदरेजचं कपाट घेऊन आल्या. आम्ही मुंबईला गेलो, आणि चाळीच्या जिन्यातून फणसाची पेटी वर चढेना. प्लायवूड आणि सनमायका त्या एका खोलीच्या संसाराला धावून आले. त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. गावाकडे परड्यातल्या मिश्र झाडांची जागा काजू आणि कलमांनी घेतली. मेस्त्रींचे मुलगे मुंबईत फर्निचरच्या कामाला लागले. माळा होता तिथे गॅस आल्यावर धूर राहिला नाही.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळात विहिरीकडचा बरका मुळासकट आडवा झाला. त्याखाली आम्ही सगळे खेळलो होतो. एरवी अशी झाडं सरपणात जातात. या वेळी आम्ही भावंडांनी पंचनामा, परवानगी, सॉ मिल हे सगळं नीट मागे लागून केलं आणि फळ्या पडवीत पट्ट्या घालून रचल्या. धूर नाही, म्हणून बोरिक-बोरॅक्सच्या पाण्याचा हात दिला.

गेल्या चतुर्थीला त्यांची वाटणी करायचा विषय निघाला. धाकट्याला टेबल हवं होतं, पुण्याच्या बहिणीला दिवाण. शेवटी ठरलं ते असं. फडताळाचा खालचा कप्पा वाळवीनं खाल्लाय, तो आधी बदलायचा, आणि त्या निमित्तानं वरचा कप्पा चार बोटं चढवायचा. उरलेल्यातून प्रत्येक घराला एक पाट. मेस्त्रींचा नातू कुडाळला किचनच्या ट्रॉल्या करतो. पटाशी अजून घरात आहे म्हणाला. पाटांच्या खाली त्याच्याकडून ‘विहिरीकडचा बरका’ एवढं कोरून घ्यायचं आहे, कारण आमच्या मुलांना ते झाड माहीत नाही.