उतरलेली बॅटरी

लकडगंज ही नागपुरांतील लांकडाची पेठ होय. येथील वखारींत सागाचे ओंडके रचलेले असतात, आरागिरण्यांचा कर्कश आवाज दिवसभर कानीं पडतो, आणि भुशाचा वास वाळत घातलेल्या कपड्यांसहि येतो. अशा ठिकाणीं जड वस्तु हालविणें म्हणजे मनुष्यबळाचें काम, अशी समजूत सहजच होते. परंतु इ. स. २०२० च्या एप्रिल महिन्यांत ह्याच पेठेंत एक लहानशी मोटार सहा जणांच्या बळानेंहि सुरू होईना, हें आम्हीं पाहिलें. त्या निमित्तानें विद्यार्थ्यांसाठीं, आणि ज्यांच्या दारांत मोटार उभी असते अशा पालकांसाठींहि, बॅटरीविषयीं चार शब्द लिहीत आहों.

त्या वर्षीं ता. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मोटारी जागच्या जागीं उभ्या राहिल्या. उभ्या मोटारीस कांहीं खर्च नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. मोटारींतील घड्याळ आणि चोरापासून राखण करणारी यंत्रणा हीं रात्रंदिवस थोडी थोडी वीज पीत असतात. समजा, हा प्रवाह अवघा ५० मिलिॲम्पिअर आहे. चोवीस तासांत त्याचे १.२ ॲम्पिअर-तास होतात. लहान मोटारीची बॅटरी सुमारें ३५ ॲम्पिअर-तासांची असते. भागाकार करून पाहावा : एकूणतीस दिवस ! त्यांत उष्णतेनें बॅटरी आपली आपणच अधिक वेगानें उतरते व तिचें आयुष्यहि कमी होतें. थंडीनें बॅटरी दगा देते असें पाश्चात्त्यांच्या पुस्तकांतून लिहिलेलें असतें. त्यांच्या देशीं तें खरें असेल. आमच्याकडील बॅटरीचा वैरी वैशाख होय.

एप्रिलच्या अखेरीस एके पहाटें शेजारच्या वखारवाल्या काकांनीं आमचें दार ठोठावलें. त्यांच्या सुनेस प्रसूतिवेदना सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका बोलाविली होती; परंतु जवळच्या सतरंजीपुऱ्याची त्या दिवसांत नाकेबंदी झालेली, आणि गाडी केव्हां पोंचेल तें कोणी सांगेना. काकांची मोटार महिनाभर हालली नव्हती. किल्ली फिरविली तर दिवा नाहीं, भोंगा नाहीं, "टक्" असा आवाजहि नाहीं. "सर, धक्का मारूं या," काका म्हणाले. वखारींतले हमाल आपापल्या गांवीं निघून गेले होते. आळींतलेच सहा जण तोंडाला फडकीं बांधून आले. गल्लीच्या टोंकापर्यंत मोटार ढकलली, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. मोटार हिसका देऊन थांबली. तिसऱ्या खेपेनंतर काका दगडावर खालींच बसले. आंतून सुनेचें कण्हणें ऐकूं येत होतें.

जुन्या ॲम्बॅसिडर मोटारीस असा धक्का पुरत असे. ती तर पुढून लोखंडी हँडल फिरवूनहि सुरू होई. हें हँडल उलट फिरून मनगटें मोडीत, म्हणूनच अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग ह्यानें विजेनें इंजिन फिरविण्याची युक्ति काढली, व इ. स. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत ती प्रथम बसली. हल्लींच्या मोटारींत पेट्रोल ओढणारा पंपहि विजेचा, आणि तें मोजून देणारा संगणकहि विजेचा. बॅटरी अर्धवट उतरलेली असेल तर धक्क्याचा उपयोग होतो. ती अगदींच निष्प्राण असेल तर शंभर हात लागले तरी व्यर्थ. आणि ज्या मोटारीस क्लचच नाहीं तीस तर धक्का मारूंच नये.

समोर लांकडाचा एक ट्रक उभा होता. त्याच्या बॅटरीस तारा जोडाव्या, असें कोणी तरी सुचविलें. आम्हीं ठाम नकार दिला. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची, मोटारीची १२ ची. असली जोडणी म्हणजे मोटारींतील नाजूक यंत्रणा जाळून टाकणें होय. इतक्यांत भाजीवाल्याचा छोटा टेंपो आला. भाजीस त्या दिवसांत मोकळीक होती. टेंपोंत चालकाशेजारीं एकच अरुंद आसन, मागें भाजीच्या पाट्या. सुनेस बसून जाणें अशक्य झालें होतें. परंतु त्याची बॅटरी १२ व्होल्टची होती, आणि आसनाखालीं जंपर केबल होती !

काका घाईनें तारा लावूं लागले. "काका, थांबा," असें म्हणून आम्हीं त्यांचा हात धरला. बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो; शेवटचा सांधा जुळतांना ठिणगी उडते; ती बॅटरीपाशीं उडाली तर स्फोट होऊन अम्ल डोळ्यांत जातें. काकांचा नातू दहावीचा, ज्याचा भूगोलाचा पेपर त्या वर्षीं सर्वांबरोबर रद्द झाला, तो विजेरी धरून उभा होता. त्यानें टोंकांवरील पांढरी-हिरवी भुकटी वखारींतल्या काचकागदानें घासून काढली व धन-ऋण खुणा वाचून दाखविल्या. लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोंकास, मग टेंपोच्या धन टोंकास. काळी तार टेंपोच्या ऋण टोंकास. आणि तिचें शेवटचें टोंक बॅटरीस नव्हे, तर काकांच्या मोटारीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूस, बॅटरीपासून दूर. टेंपोचें इंजिन पांच मिनिटें चालूं दिलें. तीं पांच मिनिटें फार लांबलीं. दुसऱ्या प्रयत्नास मोटार सुरू झाली. तारा उलट्या क्रमानें काढल्या, आणि मोटार निघाली. नऊ वाजण्याच्या आंत इस्पितळांतून दूरध्वनि आला : मुलगी झाली, दोघी सुखरूप.

आतां ह्या पेटींत असतें काय ? शिशाचे व शिशाच्या डायऑक्साइडचे पत्रे, आणि त्यांच्यामध्यें पाणी मिसळलेलें गंधकाम्ल. असे सहा कप्पे, प्रत्येकाचे सुमारें २.१ व्होल्ट, भरलेली बॅटरी म्हणून १२.६ दाखविते. वीज खर्च होतांना दोन्हीं पत्र्यांवर शिशाचें सल्फेट बसतें व अम्ल पातळ होतें. उलट प्रवाह सोडला कीं सर्व पूर्ववत् होतें. हा शोध फ्रान्समधील गास्तों प्लांते ह्याचा, इ. स. १८५९ चा. मात्र बॅटरी उतरलेल्या स्थितींत पडून राहिली तर तें सल्फेट कठीण होऊन बसतें, आणि मग तें पुष्कळसें परत फिरत नाहीं. एकदां मोटार सुरू झाली म्हणजे काम झालें असें नव्हे. थोड्याशा फेरीनें बॅटरी भरत नाहीं. तीस चार्जरवर मंद प्रवाहानें, सुमारें साडेतीन ॲम्पिअरनें, रात्रभर ठेवावें लागतें, व तेंहि मोकळ्या हवेंत.

काकांची बॅटरी चार्ज करूनहि टिकली नाहीं. ती चार वर्षांची होती. टाळेबंदी सैल झाल्यावर त्यांनीं नवी घेतली. जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्यास देण्याची आमच्याकडे चाल आहे. ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. तो ती फोडून अम्ल गटारांत ओततो, आणि शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें. विकणाऱ्यानें जुनी बॅटरी परत घ्यावी असा नियम इ. स. २००१ मध्यें झाला. २०२२ मध्यें त्याच्या जागीं नवे नियम आले, आणि त्यांत उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे. जुनीची किंमत दुकानदार नवीच्या किंमतींतून वजा करतो. ती पावतीवर लिहून घ्यावी.