जातिस्मराचा सूड

मरणानंतर पुन्हां जन्म आहे ही कल्पना आपणांकडे इतकी घरची झालेली आहे कीं, तींत करून ठेविलेल्या एका मोठ्या सोयीकडे आपलें सहसा लक्ष जात नाहीं. ती सोय म्हणजे विस्मरण. मागील जन्माचा हिशेब शिल्लक राहतो, पण हिशेबाची वही आपल्या हातीं नसते. ज्याच्या हातीं ती येते त्यास जुन्या ग्रंथांत जातिस्मर म्हटलें आहे. आणि त्याचें सुख केवढें असतें हें पाहावयाचें झाल्यास अंबेची आठवण करावी. भीष्मानें हरून आणलेली व मग कोणीच न स्वीकारलेली ती राजकन्या अग्निप्रवेश करिते, शिखंडी होऊन द्रुपदाच्या घरीं येते, आणि तो सबंध दुसरा जन्म एका वृद्धाच्या मृत्यूकामीं खर्च होतो. शिखंडीस याखेरीज आयुष्यांत दुसरें कांहीं हवें होतें काय, हें विचारण्याचें आपणांस सुचतहि नाहीं.

तें विचारण्याची बुद्धि आम्हांस झाली ती एका जपानी चित्रकथेमुळें. आका आकासाका यांनीं लिहिलेली व मेंगो योकोयारी यांनीं चितारलेली ‘ओशी नो को’ ही कथा ‘वीकली यंग जम्प’ या साप्ताहिकांत २०२० च्या एप्रिलपासून २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत क्रमशः आली व तिचे १६ खंड झाले. ‘ओशी’ हा शब्द पुढें ढकलणें या अर्थाच्या क्रियापदापासून झाला आहे. ज्या गायिकेस आपली मानून तिचे चाहते पैसा, वेळ आणि घसा खर्चून पुढें ढकलतात ती त्यांची ‘ओशी’. ‘को’ म्हणजे मूल.

मियाझाकी प्रांतांतील ताकाचिहो या डोंगरी गांवीं गोरो नांवाचा एक डॉक्टर असतो. सारिना नांवाची त्याची एक रोगी मुलगी अंथरुणावर पडून आय होशिनो या गायिकेचे नाच पाही, आणि ती बाराव्या वर्षीं वारली. तिच्यामुळें डॉक्टरहि आयचा भक्त झालेला. पुढें सोळा वर्षांची आय स्वतःच गरोदर होऊन गुपचूप त्याच्या इस्पितळांत येते. प्रसूतीच्या रात्रीं एक माथेफिरू चाहता डॉक्टरास कड्यावरून ढकलून देतो. डोळे उघडतात तों तो आयचा मुलगा आक्वा झालेला, आणि त्याची जुळी बहीण रूबी म्हणजे तीच सारिना! दोघांसहि पूर्वजन्म आठवतो, मात्र एकमेकांची ओळख पुष्कळ काळ पटत नाहीं.

एवढ्यावरून हा पोरखेळ वाटावा. पण आयचें चित्र पोरकट नाहीं. ती अनाथाश्रमांत वाढलेली. प्रेम म्हणजे काय हें तिला ठाऊक नाहीं. म्हणून हजारों लोकांस ती प्रेमाची ग्वाही खोटीच देते, आणि रोज बोललेलें खोटें एखादे दिवशीं खरें होईल अशी आशा बाळगते. तें खरें होतें तें तिच्या मोठ्या जलशाच्या दिवशीं, दारांत. तोच माथेफिरू फुलें घेऊन येतो व तिला भोसकतो. वीस वर्षांची ती मुलगी मरतां मरतां लेंकरांस आपलें प्रेम सांगते, आणि हें आपण खोटें बोललों नाहीं एवढें तिला कळतें. सबंध ग्रंथांत यापेक्षां सरस पानें आम्हांस आढळलीं नाहींत.

मारेकऱ्यास घराचा पत्ता कोणीं दिला? आपल्या अज्ञात बापानेंच, असें आक्वा ठरवितो व त्यास हुडकण्यासाठीं नटाच्या धंद्यांत शिरतो. खरें पाहतां सूड हें येथें केवळ निमित्त. लेखकाची नजर बसली आहे ती त्या धंद्यावर. चित्रकथेचें नाटक होतांना मूळ लेखिकेच्या हातीं काय उरतें, तरुणतरुणींच्या सहवासाचे ‘खरे’ कार्यक्रम कातरीनें कसे घडवितात, हें सर्व तो जाणत्याच्या अधिकारानें सांगतो. अशाच एका कार्यक्रमांत आकाने ही भिडस्त नटी एका क्षणाच्या चुकीनें खलनायिका ठरते, आणि लोकांच्या शिव्यांनीं खचून एका वादळी रात्रीं पुलाच्या कठड्यावर चढते. आक्वा मागून येऊन तिला धरतो.

येथें वाचकास थांबावें लागतें. २०२० च्या मे महिन्यांत हाना किमुरा या बावीस वर्षांच्या कुस्तीगीर मुलीनें, अशाच एका कार्यक्रमानंतर उठलेल्या निंदेच्या गदारोळांत, आपला जीव दिला होता. त्या प्रकरणामुळेंच जपाननें २०२२ मध्यें अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा तीस दिवसांच्या आंतील अटकेवरून एक वर्षाच्या कैदेपर्यंत वाढविली. २०२३ मध्यें या कथेचें चलच्चित्र होऊन हा भाग पडद्यावर आला, तेव्हां हानाच्या आईनें उघड नापसंती बोलून दाखविली. आमच्या मतें लेखकाचा राग निंदकांवर आहे, मुलीवर नाहीं. तो भाग कणवेनें लिहिलेला आहे. परंतु चित्रांतल्या मुलीस पाठीमागून धरणारा हात मिळाला, आणि तो पाहणाऱ्या आईस आपल्या मुलीच्या बाबतींत तो मिळाला नव्हता. आमची रसिकता तिच्या तक्रारीस उत्तर देऊं शकत नाहीं, आणि देण्याची आमची इच्छाहि नाहीं.

कथेचा शेवट पुष्कळांस रुचला नाहीं. आम्हांसहि तो घाईचा वाटला. आक्वा स्वतःच्या पोटांत सुरी खुपसून बापास घेऊन समुद्रांत उडी टाकतो, अशा बेतानें कीं खून बापाच्या माथीं जावा आणि बहिणीच्या वाटेवर डाग पडूं नये. मरतांना त्यास जगावेंसें वाटूं लागलेलें असतें, हें त्यांतलें दुःख. स्मृति रूबीसहि होती. पण पूर्वीं अंथरुणास खिळलेल्या त्या मुलीस नवे पाय मिळाले, तेव्हां तिनें पहिली गोष्ट केली ती नाचण्याची. पुढें गोरोचीं हाडें सांपडल्यावर सूडाचें वेड तिच्याहि अंगांत शिरलें, हें खरें. तरी तिला अंबेच्या पंक्तीस बसविण्यास आमचें मन घेत नाहीं.

ताकाचिहो हेंच तें ठिकाण कीं जेथें सूर्यदेवता अमातेरासु रुसून गुहेंत बसली असतां उझुमे देवतेच्या नाचामुळें ती बाहेर डोकावली, अशी जपानी पुराणकथा आहे. भावाच्या मरणानंतर रूबी त्याच भव्य रंगमंचावर उभी राहते, जेथें आईस पोहोंचतां आलें नव्हतें. समोर हजारों हातांत दिवे हालत असतात, आणि ती हंसून नाचावयास लागते.